सात वाजून छत्तीस सेकंद

गहिनीनाथ आण्णांनी मिरजगावच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून बत्तीस वर्षं काढली, आणि त्या सगळ्या वर्षांत मनगटावरचं चावीचं घड्याळ रेडिओवर लावलं. संध्याकाळच्या बातम्यांआधी वेळेचे ठोके पडत, शेवटच्या ठोक्याला सात. रिटायर झाले, अर्धांगाच्या झटक्यानं डावा पाय लुळा पडला, तरी हा नेम सुटला नाही. सुटला तो यंदाच्या उन्हाळ्यात. पुण्याच्या स्टेशनच्या जागी नुसती खरखर यायला लागली. दोघा मेकॅनिकांनी सेट खोलून बघितला आणि सेटमध्ये काही खोट नाही म्हणून परत दिला.

त्यांचा मुलगा आदिनाथ जामखेडच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायचा. चाळीस मशिनं, त्यांत तीन तऱ्हेच्या सिस्टिम, आणि सगळ्यांच्या तक्रारी निस्तरायला हा एकटा. मोटरसायकलवर धूळ खात घरी आला की स्क्रीनकडं बघायचीसुद्धा त्याला इच्छा नसायची. पण आण्णा रोज विचारायचे, इंटरनेटवर रेडिओ लागतो म्हणतात, खरं का? शेवटी एका रविवारी तो घरातल्या जुन्या कॉम्प्युटरपुढं बसला.

त्यावर जुनं विंडोज होतं. स्टेशनचं पान उघडेना. त्यानं दुसरा प्लेअर टाकला, स्टेशनचा पत्ता शोधून त्यात घातला, आणि दोन तासांनी आवाज आला. ठोके पडले, आण्णांनी काटा जुळवला. त्यांचा चेहरा बघून आदिनाथला बरं वाटलं. तेवढ्यात सून रेश्मा मोबाईल घेऊन आली आणि सहज म्हणाली, सात तर मघाशीच वाजले. ताडून बघितलं, तर आण्णांचं घड्याळ छत्तीस सेकंद मागं.

आदिनाथनं समजावून सांगितलं की नेटवरून आवाज तुकड्या-तुकड्यानं येतो, मशीन आधी थोडा साठवतं आणि मग वाजवतं. आण्णांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, ते साठवणं कमी करता येत नाही का?

तिथून दहा दिवस गेले. पेनड्राईव्हवरून त्यानं त्याच मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं. आधी आवाजच येईना. तो आला, साठवण कमी केली, तर ठोक्यांचा उशीर बावीस सेकंदांवर आला, पण बातम्या देणारी बाई दर वाक्याला अडखळायला लागली. मोबाईलवर आवाज स्वच्छ, पण उशीर पन्नास सेकंदांचा. कॉलेजातून उसना आणलेला लॅपटॉप आणखी तिसरंच काही सांगायचा. आदिनाथ रोज आकडे लिहून ठेवायचा, नि रोज जेवण गार व्हायचं.

अकराव्या दिवशी कॉलेजात ऑनलाईन परीक्षा होती आणि ऐन वेळी सहा मशिनं बंद पडली. आदिनाथ पावणेसातला घरी आला, बूटही न काढता जमिनीवर बसला आणि टायपायला लागला. आण्णा खाटेवरून त्याच्या वाकलेल्या पाठीकडं बघत होते.

"ऱ्हाऊ दे आता," ते म्हणाले.

"थांबा आण्णा, एवढंच बघतो."

"ऱ्हाऊ दे म्हन्तो ना. जामखेडची गाडी कधी टायमात आली हुती का? मी फळ्यावर लिव्हायचो, पाऊन तास लेट. लोक बसून ऱ्हायचे. आली की चढायचे."

"आणि घड्याळ?"

"ते मोबाईलवर लाव. बातम्या ऐकायच्या तेवढ्या ऐकू." मग म्हणाले, "तू लई दमलाय, बाबा."

आदिनाथला वाटलं होतं, हे ऐकून हलकं वाटेल. तसं झालं नाही. उलट दहा दिवसांचा शीण एकदम अंगावर आला, आणि हे आधीच का नाही म्हणालात, असा रागही. तरी त्यानं साठवण पुन्हा वाढवली. आवाज सरळ झाला. खाटेच्या पायाला टेकून तो ऐकत बसला, आणि ठळक बातम्या संपायच्या आत त्याला झोप लागली.

रेश्मा चहा घेऊन आली. आवाज फार मोठा होता. तिनं कमी कसा करायचा ते खुणेनं विचारलं. आण्णांना ठाऊक नव्हतं. तिलाही नव्हतं. तिनं कप खिडकीत ठेवला, हळूच त्याचे बूट काढले, आणि बातम्या तशाच मोठ्यानं चालू राहिल्या.