दोन वजा केलेलं ॲव्हरेज

मी एक जुनी पिकअप गाडी आहे. मित्रांनो, माझा पांढरा रंग आता सायीसारखा पिवळट झाला आहे, डाव्या दारावर बैलाच्या शिंगाचा एक पोचा आहे आणि मागच्या फळीवर लाल अक्षरांत ‘हर्षाली’ असं नाव लिहिलेलं आहे. पण माझ्याजवळ येणारा माणूस यातलं काहीच विचारत नाही. पाहुण्याला घरची ख्यालीखुशाली विचारावी, तसं तो माझ्या टायरला हलकेच लाथ मारतो आणि विचारतो, “ॲव्हरेज किती देती?”

एका लिटर डिझेलमध्ये मी किती किलोमीटर जाते, त्याला आमच्या धाराशिवकडे ॲव्हरेज म्हणतात. साधा एक आकडा. पण त्याच आकड्यापायी माझ्या मालकांची झोप उडाली होती आणि माझी अब्रू जायची वेळ आली होती. तीच हकिकत आज सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. खूप उजेड होता आणि सगळ्यांना घाई होती. मला खरी जाग आली ती शोरूमच्या दारात, गळ्यात झेंडूचा हार पडला तेव्हा. समोर बेंबळीचे शेतकरी ज्ञानोबा नवी टोपी घालून उभे होते. त्यांची बायको धुरपदाबाई आरतीचं ताट घेऊन आली होती आणि त्यांची लहानगी हर्षाली माझ्या चाकाखाली लिंबू ठेवायला उतावीळ झाली होती. शोरूमचा माणूस म्हणाला, ही सोळाचं ॲव्हरेज देते. मग त्यानं हळूच पुढं जोडलं की रस्ता मोकळा पाहिजे, गाडी रिकामी पाहिजे आणि ॲक्सिलेटरवरचा पाय हलका पाहिजे. ज्ञानोबांनी सोळा तेवढं ऐकलं. पुढचं सगळं नारळ फुटण्याच्या आवाजात विरून गेलं.

आता रस्ता म्हणाल तर आमचा बैलगाडीचा, रिकामी मी कधी नसायचीच, आणि ज्ञानोबांच्या पायाचं तर विचारूच नका. तरीही ते दिवस फार सुखाचे होते. सोयाबीनची पोती, कडबा, खताच्या गोण्या, शेळ्या, लग्नाची वऱ्हाडं, नवरात्रात तुळजापूरला निघालेल्या बायका, सगळ्यांना मी नेलं. आईला दवाखान्यात नेताना एका बाळानं तर माझ्या हौद्यातच पहिला टाहो फोडला. हर्षाली मोठी झाली तेव्हा पीक निघालेल्या मोकळ्या रानात ज्ञानोबांनी तिला गाडी शिकवली, ती माझ्यावरच. तिनं मला बांधावर चढवलं, विहिरीच्या काठाला नेऊन थांबवलं, पण मी तिला एकदाही घाबरवलं नाही. मागच्या फळीवर तिचं नाव लिहिलं गेलं, ते त्याच वर्षी.

ज्ञानोबांना मला नटवायची भारी हौस. आधी पुढं लोखंडी गार्ड आलं. मग कडबा जास्त मावावा म्हणून हौद्याच्या फळ्या उंच झाल्या. शेताच्या वाटेवर मधल्या उंचवट्याला माझं पोट घासायचं, म्हणून नळदुर्गच्या ईरण्णा मिस्त्रीकडून मोठी चाकं बसवून घेतली. चिखलात मी हत्तिणीच्या ऐटीत चालू लागले. शेजारीपाजारी कौतुकानं बघायचे.

पण पुढं एकदा ज्ञानोबांनी टाकी काठोकाठ भरून माझं ॲव्हरेज मोजलं, आणि ते बारा निघालं. पूर्वी चौदापर्यंत यायचं. त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा बाराच. फिल्टर झाला, नोझल झाले, ऑइल बदललं, तरी मीटर काही आकडा त्याच्या वर जाऊ देईना. शेवटी ते माझ्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, “म्हातारी झाली बिचारी. लई पिऊ लागली.” मित्रांनो, मला त्याचं फार वाईट वाटलं. मी तर पूर्वीसारखीच चालत होते! पण मालक म्हणतात म्हणजे खरंच असेल, असं मलाही वाटू लागलं. हळूहळू माझ्या फेऱ्या कमी झाल्या. गोठ्याच्या कडेला मी उभी असायची आणि कोंबड्या माझ्या हौद्यात अंडी घालायच्या.

बाहेर मात्र ज्ञानोबांनी माझी मान खाली जाऊ दिली नाही. कुणीही विचारलं की ते छाती काढून सांगायचे, “सोळा.”

हर्षालीची सोयरीक ठरली, त्या दिवशीही तेच झालं. नळदुर्गचे बजरंगराव, म्हणजे मुलाचे वडील, आले होते. दुधाचा धंदा, घरात मोठा बारदाना, बोलायला मोकळे. त्यांना एक खोड होती. रस्त्यानं जाताना दिसेल ते मोठ्यानं वाचायचं. ‘पंक्चर काढून मिळेल’ वाचायचं, दुकानाची पाटी वाचायची, किलोमीटरचा दगड तर चुकूनही सोडायचा नाही. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, “पोरगी कशी हाय वो?” आपल्या तोंडानं लेकीचं काय कौतुक करायचं, म्हणून ज्ञानोबा लाजले. “बरी हाय,” म्हणाले. “जरा हट्टी हाय.” मग बजरंगराव अंगणात आले, माझ्या टायरला पाय लावला आणि तोच प्रश्न विचारला.

“सोळा,” ज्ञानोबा म्हणाले. जरासुद्धा अडखळले नाहीत.

लग्न झालं. मीच हर्षालीचं सामान नळदुर्गला पोचवलं आणि रिकामी परतले. ज्ञानोबांचा गुडघा त्यानंतर दुखू लागला. माझा क्लच त्यांना दाबवेना. गाडी विकावी असं घरात चाललेलं असतानाच बजरंगरावांचा फोन आला. “इवाई, दुधाच्या कॅनला गाडी पायजेच हाय. परक्याची कशाला? तुमची सोळाची हाय न्हवं, तीच द्या.”

ज्ञानोबांनी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला खरा. परकं गिऱ्हाईक असतं तर गोष्ट वेगळी. पण व्याह्याला बाराची गाडी सोळाची म्हणून द्यायची, आणि त्याच घरात आपली लेक नांदायची! उद्या तिच्या सासऱ्यानं टाकी भरली की काय होईल? “ज्या बापानं गाडीचं खोटं सांगितलं, त्यानं पोरीचं काय खरं सांगितलं असंल,” असं कुणी म्हटलं तर?

“सोळा सांगा म्हणून कुणी सांगितलं हुतं तुमाला?” धुरपदाबाई म्हणाल्या.

“तोंडातून गेलं आता.”

“मग तोंडानंच माघारी घ्या की.”

ते मात्र जमेना. त्याऐवजी, शुक्रवारी व्याह्यांसमोर ॲव्हरेज मोजायचं ठरलं म्हणून ज्ञानोबा मला हलकी करायला लागले. गार्ड काढलं, उंच फळ्या काढल्या, जास्तीचं चाक काढलं, टूलबॉक्स काढला. चारी टायरांत हवा भरली. सीटखालची जुनी गोणपाटंसुद्धा बाहेर आली. धुरपदाबाई दारात कमरेवर हात ठेवून बघत होत्या. “अवं, गाडी इकायची हाय का तिचा सांगाडा?” मलाच हसू आलं.

ठरल्याप्रमाणे शुक्रवारी आम्ही तुळजापूरला गेलो. बजरंगराव आणि हर्षाली देवीच्या दर्शनाला एसटीनं आले होते. तुळजापूरच्या पंपावर टाकी भरायची, नळदुर्गला जाऊन पुन्हा भरायची आणि हिशेब करायचा, असं ठरलं होतं. बजरंगरावांनी टाकीत हवा राहू नये म्हणून मला धरून गदागदा हलवलं आणि डिझेल अगदी गळ्यापर्यंत भरलं. मग हौद्याकडं बघून म्हणाले, “रिकामी गाडी पळवून काय कळतंय? रोज तर ओझंच न्यायचंय.” आणि त्यांनी शेजारच्या दुकानातली पेंडीची पोती माझ्यावर चढवली. ज्ञानोबांनी जेवढं वजन काढलं होतं, त्याच्या कितीतरी पट परत आलं.

आम्ही निघालो. ज्ञानोबा चालवत होते, मधे हर्षाली आणि खिडकीशी बजरंगराव. त्यांचं वाचन सुरू झालंच होतं. “वाहने सावकाश हाका. नळदुर्ग तीस.” थोड्या वेळानं, “उसाचा ताजा रस. नळदुर्ग एकोणतीस.” हर्षालीला बापाचे घामेजलेले हात दिसत होते. तिलाही सोळा खोटं आहे हे माहीत होतं. घरात असताना डिझेल तीच तर भरून आणायची. तिची नजर माझ्या मीटरवर खिळली होती.

एका उतारावर ज्ञानोबांनी डिझेल वाचवायला मला न्यूट्रल करायला हात नेला. हर्षालीनं तो हात धरला. “अप्पा, उतारावर न्हाई. तुमीच शिकवलंय मला.”

त्या एका वाक्यानं ज्ञानोबांचा धीर सुटला की आला, कोण जाणे. पुढं एका दगडाजवळ त्यांनी मला बाजूला घेतलं. “नळदुर्ग वीस,” बजरंगरावांनी वाचलं आणि विचारलं, “का थांबला?”

ज्ञानोबा स्टिअरिंगकडं बघत म्हणाले, “इवाई, सोळा खोटं हाय. म्या सोता मोजलंय, बारा देती. सोयरिकीच्या दिवशी तुमच्याशी खोटं बोललो. राग काढायचा तर माझ्यावर काढा. पोरीला काय बोलू नगा.”

माझं इंजिन तेवढं चालू होतं, आणि ते बंद पडेल तर बरं असं मला वाटत होतं.

तेवढ्यात हर्षाली म्हणाली, “अप्पा, बारा बी खोटं हाय.”

ज्ञानोबांचा चेहरा पार पडला. त्यांना वाटलं, त्याहून कमी निघालं.

“तसं न्हाई,” ती घाईनं म्हणाली. “मामांनी तीसचा दगड वाचला तवापासून म्या बघतीय. आता वीस आला. म्हंजी दहा किलोमीटर झाले. पर मीटर साडेआठच सरकलंय. मीटरच कमी दाखवतंय!”

मित्रांनो, गंमत समजली का तुम्हाला? मीटर रस्ता मोजत नाही, ते चाकाचे फेरे मोजतं. लहानपणी हर्षाली ज्ञानोबांचं बोट धरून चालायची, तेव्हा त्यांच्या एका ढांगेत तिची दोन पावलं व्हायची. तसंच हे. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं, पण बिचाऱ्या मीटरला ते कुणी सांगितलंच नव्हतं. चाकं बदलली त्या दिवसापासून मी जास्त चालत होते आणि कमी मोजली जात होते. मी म्हातारी झाले नव्हते! मला इतका आनंद झाला, की पुढचा चढ मी पेंडीच्या पोत्यांसकट तिसऱ्या गिअरमध्ये चढून गेले.

नळदुर्गच्या पंपावर बजरंगरावांनी पुन्हा मला गदागदा हलवलं, पुन्हा गळ्यापर्यंत डिझेल भरलं. हर्षालीनं दगडांचे किलोमीटर धरून मोबाइलवर भागाकार केला. चौदा आले.

बजरंगराव इतके हसले, की पंपावरचा माणूस नळी हातात धरून बघत राहिला. “इवाई, तुमी सोळा म्हणला, तवाच म्या मनात चौदा धरलं हुतं. ॲव्हरेज सांगताना समदेच दोन वाढवतेत. ऐकणाऱ्यानं दोन वजा करायचे, ही रीतच हाय.”

ज्ञानोबा ओशाळं हसले. मग त्यांना मघापासून सलत असलेलं बाहेर पडलं. “आन् माझ्या पोरीचं सांगितलं, त्यातलं किती वजा केलं?”

बजरंगरावांनी सुनेकडं पाहिलं. त्यांचं हसू थांबलं होतं. “तिचं तुमी लई कमी सांगितलं हुतं इवाई. ‘बरी हाय,’ म्हणला हुता. तिथं आमाला वाढवावं लागलं.”

हर्षालीनं तोंड फिरवलं आणि उगाच माझा आरसा पुसायला लागली. ज्ञानोबांनी टोपी काढून डोळ्यांवरून फिरवली. माझ्या जन्मात मी पुष्कळ ओझी वाहिली, पण एखादं ओझं उतरताना इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

तेव्हापासून मी नळदुर्गला असते. गार्ड बेंबळीलाच राहिलं, उंच फळ्याही राहिल्या. मोठी चाकं मात्र मी मिरवते. जावई सोलापूरला नोकरीवर जातात, म्हणून दुधाचे कॅन हर्षालीच नेते. तिच्या सासरी तिच्यामागोमाग मीही नांदायला आले, म्हणा ना.

मित्रांनो, तुमच्या दारात एखादी जुनी गाडी असेल, तर माझं एक ऐका. ती जास्त पिते म्हणून लगेच तिला गोठ्याकडेला लावू नका. टायरमध्ये हवा आहे का बघा, फिल्टरमधली धूळ झटका, हौसेनं तिच्यावर काय काय चढवलं ते एकदा आठवा. आणि तिच्याविषयी वाईट आकडा ऐकलात, तर तो कुणी आणि कशावर मोजला, तेही विचारा.

परवा हर्षाली ज्ञानोबांना बेंबळीला पोचवायला निघाली. वाटेत ढाब्यावर चहाला थांबलो, तर एक माणूस आलाच. टायरला पाय लावून म्हणाला, “ताई, ॲव्हरेज किती देती?”

“चौदा,” हर्षाली म्हणाली.

त्यानं मला पुढून मागून न्याहाळलं आणि समजूतदारपणे मान हलवली. “म्हंजी बारा.”

“बघ!” ज्ञानोबा म्हणाले. “खरं बोललं तरी दोन गेलेच.” बापलेक दोघं हसत सुटले, आणि त्या माणसाला काही कळेना.

मग आम्ही निघालो. ज्ञानोबा आता खिडकीशी बसतात, आणि व्याह्यांची खोड त्यांनाही लागली आहे. “बेंबळी सहा,” त्यांनी मोठ्यानं वाचलं. थोड्या वेळानं, “बेंबळी पाच.” माझ्या मीटरकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही.