पत्रिकेतली मोकळी जागा

कलाशाळेत जायला लागून हिरामणला जेमतेम सहा महिने झाले होते आणि तेवढ्यात तो घरात ठेवायच्या लायकीचा राहिला नव्हता. हे त्याच्या आईचं, गोजराचं मत. पुढे ते हिरामणलाही पटलं, पण त्याला एक लग्न मध्ये यावं लागलं.

बोनकोड्याहून सकाळी बस पकडायची, खाडीपूल ओलांडून दादर गाठायचं आणि दिवसभर ठिपके काढायचे, असा पहिल्या आठवड्याचा अभ्यास होता. पांढऱ्या कागदावर एक काळा ठिपका. कुठे ठेवायचा ते आपण ठरवायचं. हिरामणने पट्टीने मोजून तो बरोब्बर मध्यात ठेवला. पेंडुरकर सरांनी पाहिलं, "झोपलाय" म्हणाले आणि पुढच्या बाकाकडे गेले. दुसऱ्या दिवशी त्याने तो कोपऱ्यात नेला तर सर म्हणाले, "पळतोय." शेवटी एकदा सर काहीच न बोलता पुढे गेले, आणि हिरामण बसमध्ये खिडकीशी बसून एकटाच हसत घरी आला. बाप गोटीराम तुर्भ्याच्या कारखान्यात दरवान होता. त्याने जेवताना विचारलं, काय शिकवलं. हिरामण म्हणाला, ठिपका. आणि पुढच्या आठवड्यात? दोन ठिपके. गोटीरामने घास गिळला आणि विचारलं की फी सगळ्या वर्षाची एकदम भरावी लागते का.

ठिपक्यानंतर रेषा आली, समतोल आला, विरोध आला, आणि हिरामणला जिकडेतिकडे चुका दिसायला लागल्या. शेजारचं पोपटी घर आणि त्याची जांभळी दारं दिसली की तो डोळे बारीक करायचा. ताटात भाताच्या शेजारी सुका जवळा वाढला की ताट थोडं फिरवून बघायचा. एकदा त्याने ओटीच्या भिंतीवरचे सगळे देव उतरवले, एकट्या एकवीरेला डाव्या अंगाला जरा वर टांगलं आणि लांब उभा राहून मान तिरकी करून बघत बसला. गोजरा परसातून आली. भिंत रिकामी बघून तिने आधी चोराला शिव्या दिल्या आणि चोर समोरच उभा आहे हे कळल्यावर त्याच शिव्या पुन्हा पहिल्यापासून दिल्या. संध्याकाळपर्यंत सगळे देव जागेवर होते, फक्त हिरामणला रात्री वाढताना तिने माशाचं डोकं दिलं नाही.

या सगळ्यात त्याची बाजू घेणारी एकच, मोठी बहीण मीना. ती तुर्भ्यात औषधांच्या बाटल्यांना लेबलं चिकटवायच्या कामाला जायची. हिरामणला कलाशाळेत घालायचं म्हणून बापाशी भांडली ती हीच. ठिपक्याचं तिलाही काही कळत नव्हतं, पण भावाला कळतंय म्हणजे त्यात काहीतरी असणार, अशी तिची साधी समजूत होती. ही समजूत हिरामणने कधी खोडून काढली नाही.

दिवाळीनंतर सरांनी सगळ्यात मोठा धडा दिला. जे सांगायचं नाही ते काढून टाका, मग सांगायचं ते दिसेल. मोकळी जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे, तिला वजन असतं. हिरामणला हे इतकं पटलं की तो घरी कमी बोलायला लागला. आणि नेमकं तेव्हाच मीनाचं लग्न ठरलं. मुलगा करावे गावचा, जयप्रकाश म्हात्रे, बंदरात नोकरीला. तारीख माघातली निघाली. गोटीराम म्हणाला, आपल्या घरात एवढा शिकलेला चित्रकार असताना पत्रिका बाहेरच्याकडून कशाला करायची. त्याच्या मनात टोमणा होता की अभिमान, ते हिरामणला कळलं नाही. त्याने अभिमान धरला.

आगऱ्यांच्या गावात पत्रिका म्हणजे काय हे इथे सांगायला हवं. वर गणपती, त्याच्या खाली एकवीरा आणि गावदेवी. मग नवरानवरी, आणि मग माणसं. काके, चुलत काके, मामे, आत्या आणि त्यांचे यजमान, गावकीतले मानकरी, आणि सगळ्यात शेवटी ज्यांना अजून चालता येत नाही अशी पोरं, "आमच्या मीनाआत्याच्या लग्नाला यायचं हं" म्हणत. समोरची बाजू भरली की मागची. पत्रिका हातात आली की माणूस पहिल्यांदा स्वतःचं नाव शोधतो, मग कोणाच्या वर आणि कोणाच्या खाली ते बघतो, आणि लग्न कोणाचं, कुठे, कधी हे सवडीने वाचतो. गोटीरामने बसून एकेक नाव सांगितलं. हिरामणने मान डोलवून ऐकलं. ऐकताना त्याला वर्गातली ती गच्च भरलेली पानं आठवत होती, जी सर नुसती उलटी करून ठेवायचे.

त्याने सगळी नावं काढून टाकली.

गणपतीही काढला, कारण गणपती सगळेच घालतात. लाल-पिवळा रंग काढला. फिकट राखी कागद निवडला आणि डाव्या बाजूला, खालच्या अंगाला, करड्या शाईत बारीक अक्षरांत घेतलं: मीना, जयप्रकाश. त्याखाली तारीख, वेळ, गाव. बाकी सगळी मोकळी जागा. आडनावंही नाहीत, त्यांनी ओळ लांबत होती. वर्गात नेऊन दाखवलं तेव्हा पेंडुरकर सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "छान." सहा महिन्यांत पहिल्यांदा म्हणाले. त्या एका शब्दावर हिरामण तडक वाशीच्या छापखान्यात गेला. छापखानेवाल्याचं अक्षरांचे खिळे जुळवायचं काम वाचलं होतं, त्यामुळे त्यालाही नमुना फारच आवडला.

गठ्ठे घरी आले. गोटीरामने एक पत्रिका उचलली, वाचली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि विचारलं, मागची बाजू छापायची राहिली का. हिरामणने समजावून सांगितलं. मोकळ्या जागेला वजन असतं म्हणाला. गोटीरामने पत्रिका तळहातावर ठेवून खरोखरच हात वरखाली करून पाहिला. पुन्हा छापायला ना दिवस होते ना बळ. गोजराने प्रत्येक पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं लावायला घेतली, तर हिरामण तिला म्हणाला, चारी कोपऱ्यांना लावू नको, समतोल जातो. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून बाहेर गेला. पण जाताना तळवली गावात वाटायचा गठ्ठा, ज्याला अजून बोट लागलं नव्हतं, तो आपल्याबरोबर घेऊन गेला.

त्या गठ्ठ्याने करायचं ते केलं. तळवलीच्या म्हाताऱ्या आत्याला वाचता येत नव्हतं. राखी कागद, वर देव नाही, कोपऱ्याला कुंकू नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळी बोनकोड्याच्या वेशीपासूनच गळा काढत आली आणि दारात गोटीराम दात घासत उभा दिसल्यावर तिला घेरी आली. तिला पाणी पाजून, मेलं कोणीच नाही हे पटवून देईपर्यंत आळी जमली. आळी हसली. हिरामणने घरात तोंड लपवलं, पण मनात तो अजून हेच म्हणत होता की या लोकांची नजर तयार झालेली नाही.

हसण्यावारी गेलं नाही ते गोठिवलीला. गोठिवलीचा चांगो हा गोजराचा एकुलता एक भाऊ, म्हणजे मीनाचा मामा. लग्न लागायच्या वेळी नवरीला हाताला धरून मंडपात आणायची ती मामाने, आणि अंतरपाट धरला की तिच्या पाठीशी उभं राहायचं तेही मामाने. चांगोमामाने पत्रिका दोन्ही बाजूंनी पाहिली, परत पाकिटात घातली आणि देणाऱ्याच्या हाती निरोप पाठवला, की लग्नाला येईन, जेवीन, आहेर देईन. पण मामा म्हणून उभा राहणार नाही. पत्रिकेत मामा नाही.

गोजरा हिरामणला रागावली नाही. तिने त्याच्याशी बोलणंच सोडलं. ताट वाढायची आणि पाठ करून बसायची. तिसऱ्या दिवशी मीना कामावरून आली, चप्पल काढताना तिने विचारलं, "मार्क बरे मिळाले ना रं?" तिने टोमणा मारला असता तर हिरामणने तोंडाला तोंड दिलं असतं. पण ती खरंच विचारत होती, आणि त्याला फार लाज वाटली. मामा पाठीशी नसताना ती मंडपात कशी येईल, हे त्याने तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांपुढे आणलं.

तो गोठिवलीला गेला. खांद्याला कलाशाळेची झोळी होती, तिच्यात ब्रश आणि शाईची बाटली. ही झोळी तो वाण्याकडे जातानाही घ्यायचा, चित्रकार दिसावं म्हणून. मामा ओट्यावर जाळं शिवत बसला होता. हिरामण समोर बसला आणि त्याच्या तोंडून, माफी मागायच्या ऐवजी, धडाच बाहेर पडला. सगळीच नावं घातली की एकही दिसत नाही, नजर ठरत नाही, केंद्र लागतं. मामाने सगळं ऐकून घेतलं. जाळं बाजूला ठेवलं.

"सातबाऱ्यावर माजं नाव होतं," तो म्हणाला. "बापाचं होतं, आज्याचं होतं. जमीन नव्या शहराला गेली, नाव गेलं. आता माजं नाव छापतं तं लगनाच्या पत्रिकेवर. कोनाचा मामा, कोनाचा काका. दुसरीकडं कुठं छापतं, सांग ना."

सरांनी हे शिकवलं नव्हतं आणि सरांना विचारायची सोयही नव्हती. त्याने झोळीतून ब्रश काढला, मामाची पत्रिका मागून घेतली आणि मांडीवर पाट घेऊन मोकळ्या जागेत लिहायला लागला. चांगो हासू पाटील, मामा, मुक्काम गोठिवली. जमेल तितकं सुबक, रेषा जाड-बारीक सांभाळून, अंतर राखून. मामा वाकून बघत होता. बारीक दिसतंय म्हणाला. हिरामणने झोळीतल्या दुसऱ्या पत्रिकेवर मोठं काढलं. अजून जरा, म्हणाला. तिसरीवर चांगोमामा या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला आणि नवरानवरी त्याच्या पायाशी दोन मुंग्यांसारखी उरली. मामाने ती पत्रिका हात लांब करून पाहिली आणि आत हाक मारून मामीला दाखवली. मामीने विचारलं, तिचं का नाही.

तिथून पुढे हळदीच्या दिवसापर्यंत हिरामणने दुसरं काही केलं नाही. मामीचंही नाव लिहिलं, त्याची बातमी गोठिवलीभर झाली आणि गोठिवलीची घणसोलीला पोचली. काके, आत्या, गावकीतले मानकरी आपापल्या पत्रिका घेऊन बोनकोड्याला यायचे आणि ओट्यावर बसून, आपलं नाव शेजाऱ्याच्या नावापेक्षा जरा ठसठशीत कर म्हणून सांगायचे. तळवलीच्या आत्याने आपल्या नावावर गणपती काढून घेतला, पुन्हा घोटाळा नको म्हणून. एवढी मोकळी जागा आपण सोडली होती म्हणूनच हे जमतंय, असा एक विचार हिरामणच्या डोक्यात आला. तो त्याने कुणाला बोलून दाखवला नाही, एवढी अक्कल त्याला आली होती.

हळदीच्या दुपारी मांडव भरला होता. चांगोमामा सकाळीच येऊन मांडवाच्या मेढी हलवून बघत होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला खिशातली पत्रिका काढून दाखवत होता. गोजरा हिरामणशी बोलली, निदान ओरडली तरी. हिरामणला वाटलं, सुटलो. तेवढ्यात मीनाने त्याला आत बोलावलं.

ती पाटावर बसली होती, गळ्यापासून पायापर्यंत पिवळी. बायका लग्नाची गाणी, धवले, म्हणायच्या थांबून चहा प्यायला बाहेर गेल्या होत्या. तिने मांडीखालून एक छापली तशीच राहिलेली, मोकळ्या जागेत कुणाचंच नाव न लिहिलेली पत्रिका काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"माजं लिव," ती म्हणाली.

हिरामण म्हणाला, तुझं आहे की, तुझंच तर आहे.

"मीना कोनची? मीना गोटीराम पाटील लिव. उद्यापासून मी जयश्री हाय. जयप्रकाशची जयश्री. त्यांनी ठरवलाय नाव."

असं होतं हे हिरामणला ठाऊक होतं. सगळ्या पोरींचं होतं. त्याच्या आईचं माहेरचं नाव दुसरंच काहीतरी होतं, आणि ते त्याने कधी विचारलं नव्हतं. ही पत्रिका त्याने जवळून पाहिली होती, लांबून पाहिली होती, सर म्हणायचे म्हणून उलटी धरूनसुद्धा पाहिली होती. ओळ लांबते म्हणून गोटीराम आणि पाटील त्यानेच काढले होते. ज्या एका माणसाचं सगळं नाव दुसऱ्या दिवशी जाणार होतं, त्याचंच त्याने आदल्या महिन्यात अर्धं करून ठेवलं होतं, आणि त्याबद्दल त्याला सरांचं छान मिळालं होतं.

तो खाली बसला. ब्रश शाईत बुडवला.

"केवढं लिवू, बाय?"

"जागा हाय तेवढं."

त्याने लिहायला घेतलं. मीना मोठं झालं, गोटीराम त्याहून मोठं झालं आणि पाटीलला जागाच उरली नाही. ल कसाबसा कडेला टेकला. सरांनी ते पान उलटं करून ठेवलं असतं. मीनाने हळदीच्या हातांनी पत्रिका घेतली, वाचली आणि बरोबर आहे म्हणाली. हिरामणला रडू फुटलं, आणि शाई अजून ओली होती म्हणून त्याने तोंड बाजूला केलं.