चिमीचा चीक

दुधाचे लिटरमागे चार रुपये वाढवायचे होते, पण जयदेव इतका घाबरला होता की जणू गिऱ्हाइकांची किडनीच मागायला निघाला होता.

"चार जास्त नाय ना होनार गं?" त्याने लेकीला, जिज्ञासाला, आठव्यांदा विचारलं. मग चिमीलाही विचारलं. चिमी म्हणजे गोठ्यातली सगळ्यात लाडकी म्हैस. ती रवंथ करत राहिली.

जिज्ञासा दहावीत. वक्तृत्वात नुकतंच पहिलं बक्षीस मिळाल्यापासून तिला वाटायचं, आपण बोललो की अख्खं वांगणी स्टेशन थांबून ऐकेल. "पप्पा, पेंड महागली, चारा महागला. उल्हासनगरचा पेंडवाला तर आता उधारीचं नाव काढलं की हसतो. जुन्या भावात दूध देतोय म्हणजे आपण अन्नछत्र चालवतोय. मी सांगते सगळ्यांना!"

"बदलापूरची ती एकच सोसायटी हाय आपली. तिनं पिशवीचं दूध लावलं, तर चिमीला विकायला लागंल."

चिमीला विकायचं? पण जिज्ञासाकडे आयडिया होती ना! चिमी कालच व्याली होती. रेडकाचं पोट भरून उरलेला चीक, म्हणजे म्हैस व्याल्यावरचं ते पहिलं घट्ट पिवळं दूध, घरोघर फुकट द्यायचा. आधी तोंड गोड, मग भाव.

रविवारी सकाळी जयदेव खाली गाडीपाशी थांबला आणि जिज्ञासा मजले चढली. प्रत्येक दारात दूध, चिकाची छोटी बाटली, "ही आमच्याकडून प्रेमाने!" आणि वर भाषण. भाषणात पेंड आली, पेट्रोल आलं, गुरांच्या डॉक्टरची फी आली. बाटलीत काय आहे, तेवढं आलं नाही. चीक काय असतो हे सांगायचं असतं का? वांगणीत रांगणाऱ्या पोरालाही कळतं.

बापलेक कोपऱ्यावर चहा पीत होते, तोच जयदेवच्या फोनवर सोसायटीचा दुधाचा ग्रुप पेटला.

"प्रेमाने दिलेलं दूध नासलं!"

"आमचंही! गॅसवर ठेवलं आणि डायरेक्ट दगड!"

"पिवळं का आहे? हळद?"

"मला तर ऑइलपेंट वाटतोय."

शेवटी सेक्रेटरी महेंद्र: "भाववाढ आणि वर भेसळ! उद्यापासून पिशवी. सगळे खाली या."

पार्किंगमध्ये पातेल्यांचं प्रदर्शनच भरलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या संध्या मॅडमच्या पातेल्यात चमचा उभा राहिला होता. पहिल्या बक्षिसवाल्या जिज्ञासाच्या तोंडातून शब्द फुटेना.

"तू सांगितलं नवतंस?" जयदेव कुजबुजला.

"मला वाटलं, माहीत असेल!"

एवढ्यात तळमजल्यावरच्या गयाबाई ताटली घेऊन आल्या. "आरडाओरडा कसला? चीक होता तो. मी गूळ-वेलची घालून वाफवला. घ्या, खरवस."

महेंद्रने संशयाने एक वडी तोंडात टाकली. मग दुसरी, नीट तपासायला. तिसरीला तो मीटिंग विसरला.

"उद्या अर्धा लिटर मिळेल? बोला, किती पैसे? काहीही चालतील."

चार रुपयांना थरथरणारा जयदेव एकदम ताठ उभा राहिला. "चीक आमी इकत नाय, साहेब. घरच्यांना द्यायचा, नायतर आपल्या गिऱ्हाइकांना."

जिज्ञासाची जीभ परत आली! "आणि काका, तुम्ही तर उद्यापासून पिशवी लावताय ना?"

"मी? कोण म्हणालं?"

"तुम्हीच. ग्रुपवर."

महेंद्रने सगळ्यांसमोर फोन काढला आणि मेसेज उडवला. "कुठाय? दाखव. अगं, चार रुपयांचं काय एवढं! मंजूर आहे ना सगळ्यांना?"

चमचे वर झाले.

"पण खरवस दर महिन्याला हवा हं," संध्या मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, त्याच्यासाठी चिमीला दर महिन्याला व्यायला लागंल."

"मग सांगून बघा ना तिला!"

परतताना जयदेव शीळ घालत गाडी चालवत होता. वांगणीच्या वळणावर शीळ थांबली.

"जिज्ञासा... पाच बोलायला पायजे होतं का गं?"

"पप्पा, पुढे बघा!"