काहक चाखणार कोण?

माझ्या नवऱ्यानं, सफवतनं, यंदापासून नाताळ पाळणार नाही असं सांगितलं, तेव्हा माझे सासरे शिवणयंत्रावर बसले होते. नाताळआधीचे उपवास नुकते लागले होते, सणाच्या कपड्यांचे ढीग पडले होते. सासऱ्यांनी पाय थांबवलासुद्धा नाही.

"का रे? येशू जन्मलाच नाही म्हणतोस?"

"जन्मला, बाबा. पण कोणत्या दिवशी ते बायबलमध्ये नाही. तो दिवस पाळा असंही कुठं नाही. प्रेषितांनी पाळला नाही. मग मी कुणाच्या सांगण्यावरून पाळू?"

"तुझ्या जन्माची तारीख तरी बायबलात कुठं आहे? तरी आई दर वर्षी तुला गोडाधोडाचं करून घालतेच ना?"

माझी नणंद, नगात, फिसकन हसली. सफवतही हसला, पण मागे हटला नाही. तो शाळेत गणित शिकवतो. एक पायरी पटल्याशिवाय पुढच्या पायरीवर पाय ठेवत नाही. कालव्यापलीकडच्या एका घरी काही माणसं बायबल वाचायला जमतात, तिथं तो वर्षभर जात होता. तिथून आल्यावर तो गच्चीत एकटाच फेऱ्या घालायचा, हे मला माहीत होतं. त्याचं हे मत सहज झालेलं नव्हतं.

आता मात्र यंत्र थांबलं. माझे सासरे, वहबा शिंपी, चर्चमध्ये स्तोत्रं म्हणतात. नाताळच्या मिस्सेला त्यांचा आवाज लागला की आमच्या मल्लवी गावातली म्हातारी माणसं डोळे मिटून घेतात. त्यांनी चष्मा काढला. "मग ऐक. तू सण पाळत नाहीस तोवर माझा उंबरा ओलांडायचा नाही."

"बाबा..."

"तुझ्या बायकोनं, पोरीनं यावं. तू नाही."

गल्लीत आमचं घर एका बाजूला, त्यांचं समोर. आमची दमियाना तीन वर्षांची आहे. डोळे उघडले की ती आजीकडे पळते. दुसऱ्या दिवशी तिनं बापाचं बोट धरून त्याला समोर ओढलं. तो उंबऱ्याशी थांबला आणि तिचं बोट हळूच सोडवून घेतलं. "तू जा. मी इथूनच बघतो." ती वळून वळून बघत आत गेली. मी खिडकीत उभी होते. ही पोर असंच वळून बघत मोठी होणार का, एवढा एकच विचार तेव्हापासून माझ्या डोक्यात घर करून राहिला.

मी उपवास करत होते, म्हणजे मांस, अंडी, दूध, तूप सगळं बंद; तो करत नव्हता. आमच्या चुलीवर दोन भांडी चढायची, माझ्या डाळीचं आणि त्याचं. तू उपवास सोड असं त्यानं मला एकदाही म्हटलं नाही. अंडं तळलं तर तो ते गच्चीत नेऊन खायचा. मला वास येऊ नये म्हणून, असं त्यानं कधी सांगितलं नाही. मला कळायचं.

सणाला थोडे दिवस उरले तेव्हा सासूबाईंनी काहकचा, सणाच्या बिस्किटांचा, घाट घातला. इनायत त्यांचं नाव. गल्लीत सगळे त्यांना उम्म सफवत म्हणतात, सफवतची आई. त्यांचा काहक, तोंडात टाकला की विरघळणारा, वरून साखर पेरलेला, अर्ध्या मोहल्ल्यात वाटला जातो. पण काहक म्हणजे तूपच तूप, आणि उपवासात तुपाला तोंड लावायचं नाही. म्हणजे ज्या बायका मळतात त्यांनाच चाखता येत नाही. दर वर्षी शेजारची उम्म हिशाम येऊन चाखून द्यायची. ती मुसलमान, तिला आमचा उपवास नाही. यंदा ती लेकीच्या बाळंतपणाला पोर्ट सईदला गेलेली.

"एवढी वर्षं करतेय, हाताला कळतंच की," सासूबाई म्हणाल्या आणि आम्ही लागलो कामाला.

पहिलं ताट भट्टीतून आलं. रंग सुरेख. सासूबाईंनी एक काहक नाकाशी धरला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "महलबची पूड कोणी घातली?"

"मी," मी म्हणाले.

"मी पण," नगात म्हणाली आणि तोंडावर हात ठेवला. "मला वाटलं वहिनीनं घातली नाही!"

महलब म्हणजे चेरीच्या बियांमधला गर. चिमटीभर असला तर घर दरवळतं, जास्त झाला तर कडूजहर. किती जास्त झाला, हे सांगणार कोण? दमियानाला दिला, तर तिनं वरची साखर चाटली आणि "छान!" म्हणून हात पुढे केला. ती मातीलाही छान म्हणते.

सासूबाईंनी झग्याला हात पुसले. "सफवतला बोलव."

नगात दचकली. "आई! बाबांनी सांगितलंय ना..."

"बाबांनी उंबरा ओलांडू नको म्हटलंय. ओलांडायला कोण सांगतंय?" असं म्हणत त्यांनी स्टूल उचललं आणि दाराबाहेर, उंबऱ्याला अगदी चिकटून ठेवलं.

सफवत आला. बऱ्याच दिवसांनी आईला इतक्या जवळून बघत होता. "आई, मी सण मानत नाही, ठाऊक आहे ना तुला?"

"मान म्हणून कोण सांगतंय? घरात तूप चालणारी जीभ एवढी तुझीच आहे. बस आणि खा."

तो स्टुलावर बसला. उंबऱ्यावरून त्यांनी काहक दिला. त्यानं घास घेतला, डोळे बारीक केले. "आई, हे औषध म्हणून वाटणार असशील तर उत्तम आहे."

आम्ही सगळ्या हसत सुटलो. मग उरलेल्या पिठात साधं पीठ मळून मिसळायचं ठरलं. थोडं मळायचं, भाजायचं, बाहेर द्यायचं.

"अजून कडू."

"आता?"

"आता जिभेच्या मागं जरा लागतंय."

"बघ बाई, मास्तर! उत्तर चुकलं की पुन्हा सोडव म्हणतोय," नगात म्हणाली.

जाणारे-येणारे थांबून बघत. नाताळ नको म्हणणारा वहबा शिंप्याचा मुलगा बापाच्या दारात बसून नाताळचा काहक खातोय! कुणी खोकलं, कुणी हसलं. त्यानं मान खाली घातली नाही. आईची मेहनत वाया जाऊ नये एवढंच त्याला दिसत होतं.

आणि तेवढ्यात सासरे आले. खांद्यावर कापडाचा गठ्ठा. ते स्टुलापाशी थबकले. मुलाच्या मिशीला साखर लागली होती.

"सण नको, पण काहक हवा?"

"चाखतोय, बाबा. कडू झाला होता."

सासऱ्यांनी बायकोकडे पाहिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तो आत नाही आलेला. मोजून घ्या हवं तर."

सासऱ्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण लगेच ते कडक झाले. "सफवत, सरळ सांग. सणाच्या जेवणाला येशील?"

सफवत उठून उभा राहिला. "तुम्ही जेवायला बोलावलंत तर कधीही येईन, बाबा. सण म्हणून बोलावलंत तर मी तिथं बसून खोटं वागल्यासारखं होईल. तुमच्यासमोर मला खोटं वागायचं नाही."

"मग येऊ नकोस."

सासूबाई पिठातून हात न काढता म्हणाल्या, "ठीक. मग मी जाते त्याच्याकडे."

"कधी?"

"सणाच्या दुपारी. मिस्सा तुमच्याबरोबर, सकाळची न्याहारी तुमच्याबरोबर. दुपारी लेकाकडे. इरीनी, माझ्यासाठी वेगळं काही रांधू नकोस हं. तुमच्याकडे सण नाही, तर तुमचं नेहमीचं जे असेल ते. मसूर असली तरी चालेल."

महिन्याहून जास्त दिवस मसूर आणि फूल, म्हणजे बाकल्याच्या दाण्यांची उसळ, खाऊन कंटाळलेली बाई सणाच्या दिवशी पुन्हा मसूर खायला तयार होती, आणि आवाजात कुठं उपकाराची छटा नव्हती. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. तसं करायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून मी नुसतीच पीठ मळत राहिले.

सणाच्या आदल्या दिवशी मी दमियानाला घेऊन भाजी आणायला गेले. समोर खाटकाच्या दुकानापुढे ही रांग! आमची सगळी माणसं उपवास सोडायला मटण घेत होती, आणि त्या रांगेत सफवत उभा होता.

"काय मास्तर? तुमच्या मंडळात नाताळ आला वाटतं!" कुणीतरी ओरडलं.

"नाही आला," सफवत म्हणाला.

"मग मटण कशाला? बाप उपवासात मसूर खातोय आणि स्वतःला मटण?"

"आई जेवायला येणार आहे. ती इतके दिवस डाळीवर आहे."

पुढच्या माणसानं मागं वळून त्याच्याकडे पाहिलं. खाटकानं हातातला तुकडा बाजूला ठेवला आणि मांडीचा चांगला तुकडा कापायला घेतला. मी भाजीवाल्याशी टोमॅटोवरून उगीचच हुज्जत घातली, कारण डोळे भरून आले होते आणि दमियाना माझ्या तोंडाकडे बघत होती.

सणाच्या दुपारी सासूबाई आल्या. नवा झगा घातलेला. मी फत्ता मांडला. खाली कुरकुरीत पाव, त्यावर भात, रस्सा, लसूण-व्हिनेगरची फोडणी आणि वर मटण. त्या ताटाकडे बघत राहिल्या.

"मी मसूर म्हटलं होतं."

"हा सण नाही, आई," सफवत म्हणाला. "तुला भूक लागलीय, म्हणून."

त्यांनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ नुसत्या चावत राहिल्या. दमियाना त्यांच्या मांडीवर चढून बसली.

तेवढ्यात दार वाजलं. सासरे होते. घरी सकाळपासून पाहुण्यांची रीघ होती आणि प्रत्येक जण विचारत होता, उम्म सफवत कुठं आहे? शेवटी ते स्वतःच त्यांना न्यायला आले होते. मुलाला समोर बघून त्यांचं तोंड सवयीनं उघडलं. 'दर वर्षी असाच सुखात राहा.' त्या दिवशी आमच्यात कुणीही दिसलं की आधी हेच म्हणायचं. मला त्यांचे ओठ हललेले दिसले. मग ओठ मिटले. ज्या माणसानं सगळ्या चर्चमध्ये हा सण गायला, त्यानं ते शब्द मुलासाठी गिळले.

"बरा आहेस ना?" ते म्हणाले.

"बरा आहे, बाबा. या ना."

ते आत आले, ताटाकडे पाहिलं. "आणि हा सण नाही?"

"नाही. दुपारचं जेवण आहे."

"हं." खुर्ची ओढून ते बसले. "मग जेवण वाढ."

सफवतनं स्वतः वाढलं. सासरे जेवले, व्हिनेगर कमी पडलंय म्हणाले, दुसऱ्यांदा भात घेतला. सासूबाईंनी एकदाही मान वर केली नाही. मला वाटतं, मान वर केली असती तर त्या हसल्या असत्या आणि सगळं बिघडलं असतं.

निघताना सासरे आमच्या दारात थांबले. समोर त्यांचं घर पाहुण्यांनी गजबजलेलं होतं. त्यांनी दमियानाचा हात हातात घेतला आणि मुलाकडे न बघता म्हणाले, "उद्या घरी ये. उद्या कसलाही सण नाही."