दोन बोटं खाली

लटारूने सर्व्हिससाठी चेंडू उडवला, तो भलतीकडेच गेला. कोर्टाच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेल्या मेंबरांपैकी कुणीतरी हसलं. त्याने चेंडू उचलून पॅन्टला पुसला. उजवा गुडघा सकाळपासून ठणकत होता.

चांद्याच्या या टेनिस क्लबात तो वीस वर्षं मार्कर होता. मार्कर म्हणजे पगार घेऊन मेंबरांशी खेळायचं, त्यांना शिकवायचं आणि शेवटी बेमालूम हरायचं. तरुणपणी नागपुरात मार्करांच्या सामन्यांत त्याने चांदीचा पेला जिंकला होता. पण पैसे घेऊन खेळणाऱ्याला मोठ्या स्पर्धांत मज्जाव. मग बिचाऱ्याने सगळी हुशारी हरण्यात घातली.

नवे सेक्रेटरी गुणवंतराव आले आणि त्यांनी सांगून टाकलं, "दोन दोन मार्कर कायले पाहिजेत? एक सेट खेळा. जिंकन तो राहीन."

समोर इसरू होता. लटारूनेच हाताला धरून शिकवलेला, पंचविशीचा गडी. त्याची बायको बुधरी पहिलटकरीण होती. लटारूची गुणाबाई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली, आणि तिचं अंथरूण क्लबाच्याच मागच्या खोलीत होतं. नोकरी गेली की खोलीही जाणार.

पाच-पाच गेम झाले. लटारू जीव तोडून पळत होता. कितीतरी वर्षांनी त्याला खरोखर जिंकायचं होतं, आणि तेही या पोराविरुद्ध, याची त्याला लाज वाटत होती. कसाबसा आपला सहावा गेम त्याने घेतला. पुढच्या गेममध्ये इसरूचे सोपे चेंडू जाळीत अडकू लागले. एक, दोन, तीन. सगळे जाळीवरच्या पट्टीच्या दोन बोटं खाली. चौथा मारला आणि इसरूने कपाळावर हात मारून घेतला. तोही जाळीत; सेट लटारूचा.

"म्हाताऱ्यात दम हाय अजून!" गुणवंतराव ओरडले. टाळ्या पडल्या.

दोघं पिंपळाखालच्या बाकावर येऊन बसले. लटारूची छाती भात्यासारखी हलत होती.

"कपाळावर हात लवकर मारलास," तो म्हणाला. "बॉल जाळीत जायच्या आंधीच."

इसरूने मान खाली घातली. "तुमाले दिसलं?"

"मीच शिकवलं ना तुले. साहेबाशी असंच हरा लागते म्हनून. काऊन केलंस?"

"मी जंगलातल्या कूपात लाकडं तोडीन, भाऊ. तुमच्यानं कुऱ्हाड उचलन काय?"

गुणवंतरावांची खुर्ची पंधरा पावलांवर होती. जाऊन खरं सांगायला पंधरा पावलंच लागली असती. लटारूने मागच्या खोलीकडे पाहिलं. गुणाबाईचं लुगडं दोरीवर वाळत होतं. त्याला स्वतःची किळस आली, पण पाय हलेनात.

"मार्कर!" गुणवंतरावांनी रॅकेट उचलत हाक मारली. "ये, होऊन जाऊ दे एक सेट."

दोघंही उठले.

मग इसरू परत खाली बसला आणि पायांतले क्लबाचे बूट सोडू लागला.