गोलातलं गोलात

मी कापडाचा चेंडू बोलतोय. क्रिकेटचा नव्हे, माझ्यावर आजवर कुणी षटकार मारलेला नाही. सारिकाने आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबून मला शिवलं. शिवण वाकडी आली, पण तेव्हा मला तिचाही अभिमान वाटायचा.

सारिका धाड गावची, बारावी झालेली. शाळा अर्धवट सुटलेल्या मुलींना ती विहाराच्या ओट्यावर जीवनकौशल्यं शिकवायची. नाही कसं म्हणायचं, राग कसा आवरायचा, बँकेत एकटीने कसं जायचं. मुली जवळपास तिच्याच वयाच्या, म्हणून बाईंपुढे बसल्यासारखं वाटायचं नाही. सगळ्यांनी गोल करायचा आणि जिच्या हातात मी, तिनेच बोलायचं.

"गोलातलं गोलातच राह्यलं पाह्यजे बरं," सारिका दरवेळी बजावायची. मी भाबडा, तो शब्द खरा धरून बसलो.

रुपालीने सातवीनंतर शाळा सोडली होती. ती मला नुसती दाबायची आणि पुढे टाकायची. एका दुपारी टाकलं नाही. तिचे तळहात घामाने ओले झाले होते.

"बाबा माह्यं लगन जमवून राह्यले. मले सोळावं चालू हाये, मले नाही करायचं. दिवाळीले मामा येईन, बाबा त्याचं ऐकतात. त्याच्यासमोरच सांगीन मी. तोवर कोणी बोलू नका."

"नाही बोलत," सारिका म्हणाली. रुपालीचा हात हातात धरून म्हणाली.

पुढच्याच महिन्यात वर्ग चालवणाऱ्या संस्थेचे पाहुणे यायचे होते. ओट्यासमोर मंडप उभा राहिला, गाव जमलं. रुपालीचे वडील निवृत्तीभाऊ पहिल्याच रांगेत. आपला वर्ग उठून दिसावा, या हौसेपायी सारिकाने मला थेट रुपालीकडे फेकलं.

"सांग रुपाली, त्या दिवशी सांगितलं ते. भेऊ नको."

रुपालीने मला झेललं आणि नुसतं दाबून धरलं. मग सारिकाने माइक घेतला आणि स्वतःच सगळं सांगून टाकलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, चहा घेतला आणि गाडीत बसून निघून गेले.

निवृत्तीभाऊंनी मला रुपालीच्या हातातून हिसकावलं आणि भिरकावून दिलं. "इज्जत चव्हाट्यावर मांडली काय वं? चाल घरी!"

मामाची वाट कुणी पाहिली नाही. आठवड्याच्या आत देऊळगाव राजाकडे कुठल्याशा मळ्यात तिचं लग्न उरकलं. सारिका खूप रडली. "मी तं तिच्या भल्यासाठीच सांगितलं," म्हणाली. असेल. पण केसाने गळा कापला तिने, आणि तो कापताना हाताशी मला धरलं. याचा मला अजून संताप येतो.

वर्ग आजही भरतो. मी हातात आलो की मुली नाव सांगतात, आवडती भाजी सांगतात आणि घाईघाईने मला पुढे टाकतात.

परवा सारिका वैतागली. "काऊन वं, कोणीच मनातलं बोलत नाही?"

मी गोलातल्या धम्मशीलाच्या मांडीवर होतो. ती खाली बघत म्हणाली, "रुपाली बोलली होती ना, ताई."

सारिका, तूच शिवलंस, आता तूच उसव. माझ्या चिंध्यांचं फडकं कर आणि चुलीवरचं पातेलं उतरवायला घे. तिथे तरी मला धरणारीचा हात भाजणार नाही.