पेटीत टाकलेली डबी

चिमूटबाबांच्या दारात एवढी रांग, की मुंगीलाही वशिला लागला असता. काठी टेकत आलेली माणसं चिमूटभर पूड खाऊन आठवड्याभरात काठी बगलेत मारून परतत. माझे गुडघेही तसेच सुधारले. मी शिंपी; पुडीच्या पिशव्या मीच शिवायचो.

अट एकच. दवाखान्याच्या गोळ्या दारातल्या पेटीत टाकायच्या. बाबा म्हणत, "आधी विषाचा हात सोडा, मग मी हात धरतो."

माझी पुतणी चोवीस वर्षांची. तिच्या शरीरातले राखणदारच घर फोडायला उठले होते. मूत्रपिंडं आणि डोळे पोखरत होते. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, या गोळ्या त्यांना दाबून धरतात, एक दिवसही चुकवायच्या नाहीत. पण गोळ्यांनी तोंड सुजलं आणि शेजारणी तिला भोपळा म्हणू लागल्या. मीच तिला रांगेत उभं केलं. मीच तिची डबी पेटीत टाकली.

तोंडाची सूज उतरली. आमचे पेढे वाटायचेच बाकी होते. मग पाय सुजले, लघवीला फेस आला, उजव्या डोळ्यापुढे धुकं आलं. बाबा म्हणाले, "रोग जाताना दार आपटतोच."

ती दवाखान्यात रक्त शुद्ध करणाऱ्या मशीनवर गेली, तरी मी पिशव्या पोचवायला गेलोच. मागच्या खोलीत मिक्सर होता, शेजारी रिकाम्या पाकिटांचा ढीग. त्यात एक डबी. वर लिहिलेलं, 'सकाळी, जेवल्यावर'. मी साठीत लिहायला शिकलो. माझं वेडंवाकडं अक्षर मी कुठेही ओळखतो.

डॉक्टरीणबाईंनी पूड तपासून घेतली. लोकांनी टाकलेल्या गोळ्याच दळलेल्या होत्या. त्यात सूज मारणारं औषध होतं, म्हणून गुडघ्यांचं दुखणं थांबे. झीज तशीच, आणि पुतणीच्या रोगाला ती चिमूट पुरत नव्हती. मला ती पूड एकदम सोडताही येणार नव्हती, शरीराला सवय लागली होती.

मी रांगेला सगळं सांगितलं. एक म्हातारी म्हणाली, "औषधच आहे ना? मग बरंच की. बाजूला व्हा."

पुतणीला सांगितलं तेव्हा तिचा उजवा डोळा गेला होता, मूत्रपिंडं परत येणार नव्हती. तिने विचारलं,

"काका, माझ्या गोळ्या कोणाकोणाच्या गुडघ्यांत गेल्या?"

मी तिच्या खाटेशेजारी, फरशीवर मांडी घालून बसलो होतो. सात वर्षांनी मांडी घालता आली होती.

चमत्कार दिसला की नमस्काराआधी विचारा, यात काय आहे? आणि ते कोणाच्या तोंडातून काढलंय? मी विचारलं नाही, कारण माझं दुखणं थांबलं होतं.